बहिणीनं मज्जा दिली तर तिचं काय होतं?

(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

 

थॅलेसेमियावरचा कार्यक्रम झाल्यावर पैठण तालुक्यातून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला संभाजीनगरला आणावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, की अस्थिमज्जा बदलली तर हे कायमचं थांबू शकतं. तपासण्या झाल्या आणि त्याच्या बहिणीची मज्जा जुळली. बहीण अकरा वर्षांची. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, पोरीची हाडं पोकळ होतील, उद्या तिला कोण करून घेईल? नवरा म्हणतो, पोरगा वाचतोय तर विचारत काय बसायचं? आणि ताई म्हणाल्या, "मला दोघांचंही खरं वाटतं."

याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. म्हणून आजचं सगळं बोलणं त्याच्यावरच.

आधी ही मज्जा म्हणजे काय ते बघू. मज्जा म्हणजे गंमत नव्हे, एवढं तर तुम्हाला ठाऊकच आहे. घरी मटण शिजतं तेव्हा नळी ठोकून आतला मऊ गर पोरं चोखून खातात, तो गर म्हणजे मज्जा. (माळकरी मैत्रिणींनी माफ करावं, पण याहून सोपं उदाहरण आम्हाला सापडलं नाही.) माणसाच्या हाडांच्या आतही असाच गर असतो. कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांमधल्या या गरात आपलं रक्त तयार होतं. अंगाला प्राणवायू पोचवणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेवर रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट, तिन्ही तिथंच जन्मतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. म्हणजे हा कारखाना एक दिवसही बंद ठेवता येत नाही. त्यात मूळपेशी असतात. शेतात बियाण्यापासून पीक येतं, तशा या मूळपेशींपासून सगळ्या रक्तपेशी येतात.

काही आजारांत हे बियाणंच बिघडतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघडलेल्या पेशी तणासारख्या माजतात. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात मज्जा ओस पडते, काहीच उगवत नाही. थॅलेसेमियात तांबड्या पेशी कच्च्या निघतात आणि लवकर मोडतात, म्हणून बाहेरचं रक्त घ्यावं लागतं. सिकलसेलमध्ये त्यांचा आकार कोयत्यासारखा वाकडा होतो. या सगळ्यांना मज्जा बदलावीच लागते असं नाही. रक्ताच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण, विशेषतः लहान मुलं, नुसत्या औषधांनी बरी होतात. कुणाला बदलायची आणि कधी, ते रक्ताच्या आजारांचे डॉक्टर ठरवतात. थॅलेसेमियात मात्र एक गोष्ट पक्की आहे. मूल लहान असताना, सारख्या रक्तातून येणारं लोह यकृतात फार साठायच्या आधी, जुळणाऱ्या भावंडाची मज्जा दिली तर यश येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून "थोडा मोठा होऊ दे, मग बघू" असं म्हणत वर्षं घालवणं बरं नव्हे. आणि तोवर लोह काढायच्या गोळ्या रोजच्या रोज द्यायच्या.

आता जुळणं. याचा रक्तगटाशी संबंध नाही. मुलाचा गट बी आणि बहिणीचा ओ असला तरी मज्जा जुळू शकते. एचएलए नावाच्या खुणा असतात. अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून. एकाच आईबापाच्या दोन भावंडांच्या या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आईबापाच्या मात्र मुलाशी निम्म्याच जुळतात. आजकाल निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण करतात, पण ते जास्त अवघड. घरात कुणीच जुळलं नाही, तर नोंदणी केलेल्या अनोळखी दात्यांमध्ये शोध घेतात.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दुसऱ्याही एका बाईनं ती आम्हाला विचारली. "आणखी एक मूल होऊ द्या, त्याची जुळेल," असा सल्ला नातेवाईक देतात. जुळण्याची शक्यता तेव्हाही चारात एकच राहते. शिवाय आईबाप दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, तर त्या बाळालाही मेजर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक. गर्भ राहिला तर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास त्याची तपासणी करता येते. पण मूल व्हावं की नाही, हे त्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. भावकीनं नाही. आणि थॅलेसेमिया आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून मिळून येतो. एकट्या सुनेला बोल लावायला त्यात जागाच नाही.

आता आपल्या अकरा वर्षांच्या लेकीकडं येऊ.

भारतात पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. करणारे डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं व्हीलचेअरवर बसून काम करणारे हे डॉक्टर. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता, आणि मज्जा दिली होती तिच्या भावानं. हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं. चाळीस वर्षांपूर्वी, कुणी न ऐकलेल्या उपचाराला, एका घरानं लेकीसाठी मुलाला पुढं केलं होतं. त्या मुलाची हाडं पोकळ होतील, असं कुणीतरी त्याही घरात म्हणालं असेल.

तर हाडं पोकळ होत नाहीत. मज्जा काढतात ती कमरेच्या मागच्या हाडातून, जिथं आपण घागर टेकवतो त्याच्या मागच्या बाजूनं. मुलीला पूर्ण भूल देतात, म्हणजे तिला काही कळत नाही. मग जाड सुईनं त्या हाडातून थोडी-थोडी मज्जा ओढून घेतात. ती रक्तासारखीच लाल आणि पातळ दिसते. हाड कापत नाहीत, टाके पडत नाहीत, पाठीच्या कण्याला हातही लावत नाहीत. किती काढायची त्यालाही हिशेब असतो. देणारीच्या वजनाच्या दर किलोमागं २० मिलिलिटरच्या वर सहसा जात नाहीत. आणि चार ते सहा आठवड्यांत तेवढी मज्जा शरीर पुन्हा भरून काढतं. मेथीची जुडी खुडली तर मुळापासून पुन्हा फुटते, तसंच.

त्रास होतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. कंबर काही दिवस ठणकते, खाली बसताना-उठताना दुखतं, थकवा वाटतो. भुलीचा जो धोका कुठल्याही ऑपरेशनला असतो तो इथंही असतो. तो थोडाच असतो, पण असतो. हिमोग्लोबिन उतरतं म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, आणि त्या तिनं खरोखर खाल्ल्या पाहिजेत. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत दवाखान्यातून सोडतात. पुढं तिची पाळी, लग्न, बाळंतपण यांतल्या कशावरही याचा परिणाम होत नाही. ती स्वतः थॅलेसेमिया मायनर असली तरी देऊ शकते. मोठ्या दात्यांसाठी दुसरीही पद्धत आहे. चार-पाच दिवस इंजेक्शन देऊन मूळपेशी रक्तात आणतात, मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवतात, मूळपेशी बाजूला घेतात आणि बाकी रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. त्याला चार-सहा तास लागतात, भूल लागत नाही.

एवढं झाल्यावर सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पण नवऱ्याच्या म्हणण्यातली चूक राहतेच. "विचारत काय बसायचं?" का नाही विचारायचं? अकरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. तिला बसवून सांगावं: काय करणार, कुठं दुखणार, किती दिवस. तिच्या मनात काय भीती आहे ते ऐकावं. कित्येक मुलांना वाटतं की आता आपण मरणार आणि भाऊ जगणार. हे ती बोलून दाखवत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर ते तिच्याशी वेगळं बोलतात, तसं बोलायला हवंच. आणि पुढं भावाचं काही बरंवाईट झालं तर "तुझ्याच मज्जेनं झालं" हा शब्द घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. मज्जा चांगली असूनही प्रत्यारोपण फसू शकतं. त्यात तिचा काही दोष नसतो. दुसरं म्हणजे, भावाभोवती सगळं घर गोळा होतं आणि देणारी पोर चुलत्याच्या घरी जाऊन पडते. तिच्या गोळ्या कोण देणार, शाळा किती बुडणार, कंबर दुखत असताना पाण्याच्या हंड्यातून तिला सुट्टी कोण देणार, हे आधीच ठरवावं. आमचं मत विचाराल तर देणारीसाठी घरातलं एक माणूस वेगळं नेमावं.

आता मुलाचं. लोकांना वाटतं की प्रत्यारोपण म्हणजे मोठं ऑपरेशन. तसं काही नसतं. चिरफाड नाही. बहिणीची मज्जा पिशवीतून येते आणि रक्तासारखीच, छातीजवळच्या शिरेत बसवलेल्या नळीतून थेंब-थेंब चढते. काही तासांत संपतं. मूळपेशींना कुठं जायचं ते कुणी सांगावं लागत नाही. रक्तातून फिरत-फिरत त्या हाडांच्या आत जाऊन बसतात. हे कसं जमतं याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

अवघड असतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. पेरणीआधी शेत मोकळं करावं लागतं, तशी आधी जुनी मज्जा काढून टाकावी लागते. त्यासाठी साधारण आठवडाभर जबर औषधं देतात, काहींना किरणंही देतात. उलट्या होतात, केस जातात, तोंडात इतके फोड येतात की घोटभर पाणी गिळवत नाही. मज्जा चढवतात तो दिवस शून्य धरतात आणि तिथून दिवस मोजतात. पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांत नाजूक. जुनी मज्जा गेली, नवी अजून रुजली नाही, अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. साधा सर्दीचा जंतूही तेव्हा जिवावर उठू शकतो. म्हणून गाळलेल्या हवेच्या वेगळ्या खोलीत ठेवतात आणि सोबत एकाच माणसाला राहू देतात.

ते एक माणूस बहुतेक वेळा आई असते. महिना-सव्वा महिना ती त्या खोलीत असते. दर थोड्या वेळानं हात धुवायचे, बाहेरचे कपडे आत नाही, घरून आलेला डबा आत नाही. तिला स्वतःला शिंक आली तरी बाहेर जावं लागतं, म्हणून तिच्या बदली दुसरं तयार माणूस हवं. रोज सकाळी सगळे एकच प्रश्न विचारतात, "काउंट किती आला?" न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, की नवी मज्जा रुजली असं धरतात. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आणि एक गंमत ऐका. बहिणीचा गट ओ आणि मुलाचा बी असेल, तर काही महिन्यांनी मुलाचा रक्तगटही ओ होतो. जुनी कागदपत्रं मग गटाच्या बाबतीत खोटी ठरतात. म्हणून पुढं कुठंही रक्त घ्यायची वेळ आली तर प्रत्यारोपण झाल्याचं आधी सांगायचं.

काही आजारांत, जसं मायलोमा किंवा काही गाठींचे कॅन्सर, दुसऱ्याची मज्जा लागत नाही. रुग्णाच्याच मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवतात आणि जबर औषधांनंतर परत देतात. गोठवताना घातलेल्या रसायनामुळं त्या दिवशी खोलीत लसणासारखा वास सुटतो. घाबरायचं कारण नाही. त्यात पुढं सांगणार आहोत तो अंगावर उलटण्याचा धोका नसतो.

ही विद्या जगाला दिली ती मुख्यतः अमेरिकेतल्या डॉक्टर डोनॉल थॉमस यांनी. त्यांना १९९० साली नोबेल मिळालं. त्यांच्या पत्नी डॉटी थॉमस आधी पत्रकारिता शिकत होत्या, मग नवऱ्याबरोबर काम करता यावं म्हणून प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि जन्मभर त्या कामात राहिल्या. नोबेल एकाच्याच नावावर असलं, तरी त्या क्षेत्रातली माणसं डॉटीबाईंना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची आई म्हणतात. नोंदी ठेवणं, कागद नीट करणं, पैशांचा हिशेब, सगळं त्यांच्याकडं. ओळखीचं वाटलं ना?

दवाखान्यातून सुटलं म्हणजे घरी गेलं, असं होत नाही. पहिले शंभर दिवस दवाखान्याजवळच राहायला सांगतात, कारण आठवड्यातून एक-दोनदा तरी तपासणी असते. या काळात सगळ्यांत मोठी भीती म्हणजे नवी मज्जा अंगावर उलटणं. नव्या पांढऱ्या पेशींना मुलाचं शरीर परकं वाटतं आणि त्या त्याच्यावरच हल्ला करतात. तळहात, तळपाय, कानामागं पुरळ येतो, जुलाब लागतात, डोळे पिवळे होतात. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. हे होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिनसारखी औषधं देतात. ती वेळेवरच द्यायची, आणि रक्तातलं प्रमाण तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. रिकाम्या पोटाची तपासणी समजून मूल उपाशी ठेवतात आणि गोळी मात्र आधीच देऊन बसतात, अशी गल्लत होते.

ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजले तरी दवाखान्यात फोन करायचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही. ताप दबतो, पण जंतू आत वाढत राहतो. थर्मामीटर घरात हवाच. हात लावून ताप ओळखणाऱ्या आपण सगळ्याच, पण इथं ते चालणार नाही.

मग घरी. आपल्या घरातल्या, शेतातल्या कितीतरी गोष्टी या मुलाला वर्षभर तरी लांब ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे धूळ आणि बुरशी. कडब्याची गंजी, भिजलेला भुसा, जुनं धान्य, शेणाचा उकिरडा, पाडलेल्या भिंतीची माती, यांत जी बुरशी असते ती आपल्याला काही करत नाही, पण अशा मुलाच्या फुप्फुसात जाऊन बसते. त्याच्यासमोर धान्य पाखडायचं नाही, त्याची खोली झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. घराला पोपडे धरलेली ओल असेल तर तो परत यायच्या आधी डागडुजी करून घ्यायची, तो आल्यावर नाही. गोठा आणि झोपायची जागा यांच्यात अंतर हवं.

पाणी उकळूनच. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, ते तर खळखळ उकळून, झाकून, त्याच्यापुरतं वेगळ्या भांड्यात ठेवायचं. ओगराळं सगळ्यांचं एक नको. जेवण ताजं, गरम आणि पूर्ण शिजलेलं. गरम भाकरी, वरण, शिजलेली भाजी उत्तम. ठेचा, कोशिंबीर, कच्चा कांदा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, शिळी भाकरी, रसवंतीचा रस, यात्रेतला प्रसाद आणि देवळातलं तीर्थ बंद. फळं जाड सालीची, घरी धुऊन सोललेली. केळं चालतं, आपली मोसंबी चालते. पपनस आणि चकोतरा मात्र नाही, त्यांनी सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण बिघडतं. दही कधीपासून द्यायचं ते दवाखाना सांगेल तसं. आणि कुणी कितीही जवळच्या माणसानं आणून दिलं तरी झाडपाल्याचा रस, भस्म, काढा द्यायचा नाही. वाईट हेतूनं कुणी देत नाही, हे आम्हालाही कळतं.

माणसांचं काय करायचं? आजाऱ्याला भेटायला जाणं हा आपला धर्मच. पण इथं न जाणं हीच माया. दारातून बोलावं, फोनवर बोलावं. लग्न, जत्रा, गर्दीची एसटी टाळायची. सर्दी-खोकला झालेल्या पोरांना आत सोडायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही, उन्हानं कातडीवर ती उलटण्याची खोड जागी होते. म्हणून बाहीचे कपडे आणि टोपी.

मुलाला आधी दिलेल्या लसींचा परिणाम बहुतेक धुऊन जातो. सहा महिने ते वर्षभरानं त्या पुन्हा सुरू करतात, आणि गोवरासारख्या जिवंत जंतूंच्या लसी सहसा दोन वर्षांनी, औषधं बंद झाल्यावर. घरातल्या इतरांनी आपापल्या लसी पूर्ण ठेवायच्या. पण घरात दुसरं तान्हं असेल तर त्याला पोलिओचे थेंब देण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारायचं. आशाताईंनाही हे सांगून ठेवावं, म्हणजे पोलिओ रविवारी दारात वाद होणार नाही.

आता बायकांच्या कार्यक्रमात तरी लपवायला नको असं एक. प्रत्यारोपणाआधीच्या जबर औषधांनी पुढं मूल होण्याची ताकद जाऊ शकते, मुलाची आणि मुलीचीही. मोठ्या मुलीची किंवा बाईची पाळी बंद पडू शकते. बीज किंवा अंडाशयाचा भाग आधी जपून ठेवता येईल का, हा प्रश्न औषधं सुरू होण्याआधीच विचारायचा असतो. नंतर विचारून उपयोग नसतो. लाजून गप्प बसल्यानं हा प्रश्न राहून जातो. हा परिणाम घेणाऱ्यावर होतो. देणाऱ्या बहिणीवर नाही, हे पुन्हा सांगतो, कारण गावात या दोन गोष्टी एकच करून सांगितल्या जातात.

आणि सगळ्यांत कठीण ते. काही वेळा मज्जा रुजत नाही. काही वेळा आजार परत येतो. काही मुलं या उपचारातच जातात. होकार देण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं, "आमच्या मुलासारख्या दहांतली किती बरी होतात? न करता नुसतं रक्त आणि गोळ्यांवर ठेवलं तर काय होईल?" हा विचारायचा तुमचा हक्क आहे.

पैशांचं थोडक्यात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांना यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. टाटाचं प्रत्यारोपण केंद्र आता नवी मुंबईत खारघरला आहे. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचं केंद्र बोरिवलीत आहे. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठरावीक रुग्णालयांत, वय आणि उत्पन्नाच्या अटी बघून, दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मुख्यमंत्री सहायता निधीकडंही अर्ज करता येतो. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे सगळं दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारायचं. पहिल्याच दिवशी, दागिने मोडल्यावर नाही. कॅन्सर आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना रेल्वेत सवलत आहे, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यायचा. राहायला परळ-दादर भागात गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, पण तिथं गर्दी असते, म्हणून आधी चौकशी करावी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात थॅलेसेमियाही आहे. त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवावं.

गटानं काय करायचं, असं तुम्ही विचाराल. ज्या घरचं माणूस असं चार-सहा महिने बाहेर जातं, त्या घरची म्हैस कोण पिळणार, मागं राहिलेल्या पोरांना भाकरी कोण देणार, कर्जाचा हप्ता कसा पुढं ढकलायचा, हे गट बैठकीत बसून ठरवू शकतो. वह्यांत लिहून वाटून घ्यावं. नाहीतर पहिल्या आठवड्यात सगळ्या येतात आणि दुसऱ्या महिन्यात कुणी नाही.

आणि रक्त. अशा रुग्णाला रक्त आणि प्लेटलेट सारख्या लागतात. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून देणारे हाताशी हवेत. गावातल्या निरोगी तरुण-तरुणींची नावं, रक्तगट आणि फोन नंबर लिहून यादी तयार ठेवा. मुंबईत राहणारी गावची पोरंही त्यात घ्या, वेळेला तीच जवळ असतात. फक्त एक ध्यानात ठेवा. मज्जा बदलायची आहे अशा मुलाला आधी आई, बाप, भावंडं यांचं रक्त चढवू नये, पुढं त्यांची मज्जा अंगाला न मानण्याचा धोका वाढतो. त्यांनी दुसऱ्यासाठी रक्त द्यावं आणि मुलासाठी रक्तपेढीतून परक्याचं घ्यावं. ज्यांना स्वतःची मज्जा अनोळखी रुग्णासाठी द्यायची तयारी आहे, त्यांना दात्री या संस्थेकडं नाव नोंदवता येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, तेवढंच. बोलावणं येईलच असं नाही, पण आलं तर माघार घ्यायची नाही अशी तयारी असेल तरच नाव द्यावं. कारण समोरच्या रुग्णाची जुनी मज्जा एकदा काढून टाकली, की त्याच्यापाशी तुमच्या मज्जेशिवाय दुसरं काही उरत नाही.